जस्तवाले भाऊजी

जगात माणसं नसती तरी ज्याचं काहीएक अडलं नसतं असा एकच माणूस मी पाहिलाय, आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीच्या वाट्याला आला. ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, भूगर्भशास्त्रज्ञ. सगळी नोकरी त्यांनी राजस्थानात चुनखडीच्या पोटातलं जस्त शोधण्यात घालवली. लोक तिकडून बांधणीच्या साड्या आणतात, गेला बाजार लोणचं तरी आणतात. हा गृहस्थ निवृत्त होऊन ठाण्याला वर्तकनगरच्या दोन खोल्यांत परतला तो खोकी भरभरून दगड घेऊन. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर शाईने नंबर, आणि खाली डकवलेली चिठ्ठी: कुठली टेकडी, किती खोल, कुठला थर. ताईच्या पैठण्या पलंगाखालच्या ट्रंकेत आणि दगड काचेच्या कपाटात. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाऊजी, हे उलटं झालंय हो." तर म्हणाले, "पैठणी दुसरी मिळते." ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. त्या दिवशी त्यांना आमटीत मीठ मिळालं नाही.

पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्या हातात शिशाच्या खनिजाचा चौकोनी, चकचकीत तुकडा यायचा. "धरा जरा." दिसायला एवढासा, पण वजन असं की हात खाली जायचा, आणि भाऊजी पहिल्यांदाच बघितल्यासारखे खदखदून हसायचे. माझ्या नवऱ्याचा हात इतक्या वेळा खाली गेलाय की आता तो बिचारा शिष्टाचार म्हणूनच पाडतो. त्यानंतर मधाच्या रंगाचा दुसरा तुकडा. "हे जस्त. म्हणजे जस्ताचं खनिज. चुनखडीत पोकळ्या असतात, भेगा असतात. खालून गरम, खारट पाणी येतं, ते जस्त आणतं आणि तिथे ठेवून जातं. तुमच्या गीझरच्या कॉइलवर थर बसतो ना, तसंच. फक्त जरा वेळ लागतो." हा जरा वेळ म्हणजे कोट्यवधी वर्षं, आणि ऐकणाऱ्यालाही साधारण तेवढीच गेल्यासारखी वाटायची. डॉक्टरांनी एकदा त्यांना झिंकच्या गोळ्या लिहून दिल्या. भाऊजींनी विचारलं, "कुठल्या खाणीतलं?" डॉक्टर म्हणाले, "जेवणानंतर."

ठाण्यावर त्यांचा राग होता. का, तर इथे चुनखडी नाही. येऊरच्या डोंगराकडे बघून नाक मुरडणारा दुसरा ठाणेकर मला दाखवा! "सगळा एकच काळा दगड गं. एकच वाक्य शंभर पानं लिहून काढल्यासारखा." मग ही चुनखडीची भूक ते लोकांच्या घरात भागवायचे. शर्टाच्या खिशात डोळ्यांच्या औषधाची बाटली असायची, आणि तिच्यात पातळ केलेलं अॅसिड. चुनखडीवर थेंब टाकला की तो फसफसतो, ही त्यांची आवडती करमणूक. आंबिवलीला माझ्या चुलत दिराची वास्तुशांत होती. कोटा फरशी अशी घोटलेली की त्यात तोंड दिसावं. गुरुजी पूर्णाहुतीला बसले, आणि आमचे भाऊजी गुडघ्यावर. टाकला की हो थेंब! "बघा, बघा, फसफसली! समुद्राचा तळ आहे हा, वहिनी, तुम्ही समुद्राच्या तळावर राहताय!" वहिनी समुद्राकडे न बघता डागाकडे बघत होत्या. तो डाग अजून तिथे आहे, त्याच्यावर शू-रॅक ठेवलंय, आणि त्या घरी मी गेले की मुद्दाम ते सरकवून पुसायला घेतात.

असा माणूस, आणि त्याच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट निघालं. भाड्याची जागा सातव्या मजल्यावर, आणि मालकाने दगड बघूनच हात जोडले. ताईने जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला, "आता दगड तरी जातील नाहीतर मी!" भाऊजी विचारात पडले, यावरून काय ते समजा. शेवटी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या मॅडम तयार झाल्या. कपाट देऊ म्हणाल्या, मुलांना शिकवायला ठेवू म्हणाल्या. अट एकच, प्रत्येक दगडाची नोंद हवी. नुसते दगड आम्हाला काय करायचेत? भाऊजींच्या वह्या नोकरी सोडताना ऑफिसात जमा झालेल्या, त्यामुळे नोंद म्हणजे त्या चिठ्ठ्याच. पण भाऊजी खुलले. आयुष्यभर ज्याला घरात कुणी विचारलं नाही, ते सगळं आता काचेमागे जाणार, त्यावर पोरं वह्या भरणार! ताईचं सामान हलेपर्यंत खोकी माझ्याकडे डोंबिवलीला आली. शनिवारी मॅडम बघायला येणार होत्या.

आणि इथे माझी अक्कल पाजळली. खोकं उघडलं तर सगळ्यावर वर्षानुवर्षांची धूळ, कळकट, पिवळट. म्हटलं, चांगल्या घरचे दगड असे जाऊ नयेत. बाथरूमच्या टाइल्स ज्याने लखलखतात ती बाटली घेतली, बादली भरली, आणि पंचेचाळीस दगड भिजत घातले. कसला फेस आला! मला वाटलं, किती मळ निघतोय. मग नासक्या अंड्यांचा वास सुटला. वरच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या घरात कांदासुद्धा चालत नाही, दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे काय शिजतंय?" मी बादली ओतली. दगड लख्ख स्वच्छ. ठिपके नाहीत, नंबर नाहीत, चिठ्ठ्यांचा लगदा मोरीच्या जाळीवर. आंबिवलीच्या फरशीवरून ज्या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली, त्याच्या अख्ख्या नोकरीवर मी तेच अॅसिड ओतलं होतं.

भाऊजी आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पाटावर बसले, एक दगड उचलला, जिभेने ओला केला, उजेडात धरला. "लिही," म्हणाले. "हा दुसऱ्या बोगद्यातला. त्या दिवशी जीप बंद पडली, आठ मैल चालत आलो." मी लिहीत गेले. "हा विहिरीजवळचा. तुझी ताई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती, मी हा खिशात घेऊन तुमच्या घरी आलेलो." स्वतःबद्दल कधीच न बोलणारा हा माणूस त्या दुपारी दगडागणिक बोलत होता, आणि त्या दगडांत आम्ही सगळे होतो. चव्वेचाळीस झाले. पंचेचाळिसावा हातात घेतला आणि थांबले. ओला केला. पालथा केला. पुन्हा ओला केला.

"नाही आठवत गं."

"भाऊजी, लिहू या काहीतरी. दुसरा बोगदाच लिहिते. त्या मॅडमना काय कळणार आहे?"

"मला कळेल ना," म्हणाले, आणि चिठ्ठी स्वतः लिहिली: ठिकाण आठवत नाही. खाली सही.

मॅडमनी बाकीचे सगळे दगड नेले, कपाट मिळालं, मुलं बघतात. तो एक मात्र नोंद नाही म्हणून परत आला आणि माझ्या टीव्हीशेजारी बसला. त्यांच्या डोक्यातलं सगळं त्यांनी त्या चिठ्ठ्यांवर सोपवलं होतं आणि मी ते मोरीत घालवलं, हे मला अजून टोचतं. भाऊजी डोंबिवलीला आले की आधी तो दगड उचलतात, जीभ लावतात, बराच वेळ बघत बसतात. चहा निवतो. मी दर वेळी चुचकारते, "विहिरीजवळचाच असेल हो, भाऊजी."

"असेल गं," म्हणतात आणि अलगद जागेवर ठेवतात. "पण असेल असं लिहीत नाहीत."