सतराव्या प्रश्नावरचा आक्षेप

माझं डोकं पटकन तापतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात त्याचाही हात आहे. घरी भांडण झालं की नवरा हात जोडून म्हणतो, "बाई गं, तुझ्याशी बोलायचं तर आधी उत्तरतालिका मागवायला पाहिजे." खोटं नाही त्यात काही. नऊ वर्षं मी हेच करते: कंपन्यांच्या भरतीच्या आणि बढतीच्या परीक्षांसाठी तर्काचे प्रश्न काढते. ऑफिस बेळ्ळंदूरला, घरही तिथंच, कारण तिथल्या ट्रॅफिकमधून रोज ये-जा करायची माझी छाती नाही.

माझा लाडका प्रकार म्हणजे विधान आणि युक्तिवाद. एक प्रश्न द्यायचा, त्याच्या बाजूनं एक कारण, विरुद्ध एक कारण, आणि कुठलं सबळ, कुठलं दुर्बळ हे उमेदवारानं ठरवायचं. मुद्द्याला धरून आणि वजनदार असेल ते सबळ. नुसतं मत, नुसती भावना असेल ते दुर्बळ. माणसं इथंच घसरतात, जे मनाला पटतं तेच सबळ धरून बसतात. त्यांना कसं घसरवायचं हे मला फार छान जमतं आणि त्याचा मला माज होता. नऊ वर्षांत माझा एकही प्रश्न रद्द झाला नव्हता.

गेल्या वर्षी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्याची परीक्षा आमच्याकडे आली. मशिनवर काम करणाऱ्यांतून सुपरवायझर निवडायचे होते. सतरावा प्रश्न माझा होता: काम करताना कामगारांना मोबाइल जवळ ठेवू द्यावा का? पहिला युक्तिवाद: नाही, कारण लक्ष उडालं की हात मशिनमध्ये जाऊ शकतो. दुसरा: हो, कारण ज्याच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे, त्याच्या जिवाला घोर राहत नाही. माझं उत्तर, फक्त पहिला सबळ. दुसरा भावनिक आहे, विषय संपला.

निकालानंतर एकच आक्षेप आला. कन्नडमध्ये, निळ्या पेनानं, चार ओळी. मतलब असा: ज्याच्या जिवाला घोर आहे त्याचंही लक्ष मशिनवर नसतं, हात त्याचाही जाऊ शकतो. मग लक्ष उडणं हे पहिल्यात सबळ कारण असेल, तर दुसऱ्यात दुर्बळ कसं? दोन्ही सबळ. खाली एका बाईचं नाव आणि तिचा कारखान्यातला टोकन नंबर. यादीत यायला तिला एकच गुण कमी पडत होता.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आगाऊपणा तरी किती! मग मी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर मात्र राग ओसरला. बाई बरोबर होती. कुठून बघितलं तरी बरोबर होती.

आमचे साहेब म्हणाले, "प्रश्न तुमचा, मॅडम. तुम्ही म्हणाल तसं." उमेदवाराला समोर बसवून उत्तर समजावून सांगायचं, असा कारखान्याचा नियम होता. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोम्मसंद्र्याला गेले. गाडीत बसल्या बसल्या मी एक गुण देऊनही टाकला होता आणि परत काढूनही घेतला होता, तीन-चार वेळा.

कॅन्टीनशेजारच्या खोलीत ती आली. तिशीची असेल, निळा कोट, केस जाळीत बांधलेले. आमचं कन्नडमध्ये सुरू झालं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला, मी दोन शब्द मराठीत बोलले, आणि तिचा चेहराच खुलला.

"अय्या, तुम्ही मराठी काय अक्का? मी चिकोडीकडची."

मी बेळगावची. मग काय, पाच मिनिटं नुसत्या गप्पा. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला दम्याचा त्रास होता. सासूबाईंना फोन उचलता यायचा, पण पोरीला पंप द्यायला जमायचं नाही. सुपरवायझरला रात्रपाळी नसते, म्हणून ही परीक्षा.

"मार्क द्या म्हणत नाही मी," ती म्हणाली. "माझं चुकलं कुठं, तेवढं दाखवा."

त्या क्षणी खरं बोलायला मला चार शब्द पुरले असते. पण एवढ्याशा बाईपुढं माझा प्रश्न रद्द होणार, हे काही मला गिळवेना. आणि तिनं आत्ताच माझ्या हातात हत्यार दिलं होतं.

"हेच तर चुकलं," मी म्हणाले. "तुम्ही स्वतःच्या घरावरून उत्तर दिलंत. मुलगी आठवली, सासूबाई आठवल्या. परीक्षेत स्वतःला दाराबाहेर ठेवून बसायचं असतं. छापलंय तेवढंच बघायचं."

तिच्या चार ओळींत घराचं अक्षरही नव्हतं. ते मला पाठ होतं. तरी मी बोलत राहिले. दोन उदाहरणं दिली, कागदावर आकृती काढली, आवाज मऊ ठेवला. सफाईनं बोलणं हा माझा धंदाच आहे, आणि त्या दिवशी मी झकास बोलले. माझी मलाच शिसारी येते आता.

ती कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. मध्येच एकदा म्हणाली, "पण लक्ष तर दोघांचंही..." आणि थांबली. मी आणखी एक उदाहरण दिलं. हळूहळू तिच्या आठ्या गेल्या. मी वाद जिंकले. तिला पटलं.

"सरी अक्का, बरोबर आहे," ती म्हणाली. "माझंच चुकलं. उगीच अर्ज केला, तुम्हाला एवढ्या लांब यायला लागलं."

मी तिच्यासमोरच अर्जावर लिहिलं, उत्तर कायम, आणि सही केली. तिनं कोटाच्या खिशातून छोटी वही काढली. पुढच्या वर्षी परत बसणार होती ती. अर्जातल्याच निळ्या अक्षरात, सावकाश, तिनं लिहिलं: घरचं मनात आणायचं नाही. मग वही माझ्याकडं फिरवली.

"असंच ना, अक्का?"

मी म्हटलं, "हो. असंच."