पंगतीतला पाठमोरा माणूस

मेहकरहून एसटीनं आलेल्या त्या बाईंनी खामगावच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात टॉवेलात गुंडाळलेला, सीडीवर चालणारा व्हिडिओ गेम ठेवला. लेक नोकरीला पुण्याला गेली, गेम घरीच राहिला. बाई त्यावर नणंदेच्या लग्नाची सीडी बघत.

"अडकून राह्यली हो मधातच," त्या म्हणाल्या.

आतली लेन्स पुसून मी सीडी लावली. बाईंनी गेमचा रिमोट पोरांसारखा दोन्ही हातांत धरला. पडद्यावर पंगत बसली होती. पांढऱ्या शर्टातला एक माणूस बादलीतून बुंदी वाढत, आपल्याकडे पाठ करून, पुढे पुढे चालला होता.

"हे आमचे मालक. चार वर्षं झाली जाऊन. फोटो लय हायेत, पण चालताना इथंच दिसतात."

त्यांचा अंगठा रिमोटवरची दांडी सारखा फिरवत होता.

"ताई, त्यानं सीडीत काही होत नाही."

"मालूम हाय, भाऊ. लेक ह्याच दांडीनं गेममधल्या माणसाले मांगं वळवे. म्हणून अंगठा फिरते आपोआप."

माणूस पंगतीच्या टोकाला जाऊन दिसेनासा झाला. मशीन नीट झालं होतं, माझं काम संपलं होतं. तरी मी सीडी मागे नेली, आणि या खेपेला आम्ही दोघंही तो वळायची वाट पाहत बसलो.