पेरूखाली आलेला बांबू

भूतबित काही नसतं, असं तुम्ही चारचौघांत छातीठोकपणे सांगता ना? मग भर दुपारी, स्वतःच्याच परसात, मातीवर पाय टेकवायला तुमचं मन कधी कचरलं आहे का?

माझं कचरलं आहे. आणि मी ज्या घरात वाढले तिथे गंडेदोरे, अंगारे-धुपारे यांच्याविरुद्धच्या पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली रचलेले असायचे. बाबा सरकारी छापखान्यात जुळारी होते. छपाईचे खिळे जुळवून घरी आले की रात्रीच्या जेवणापर्यंत चळवळीच्या पत्रकांची मुद्रितं तपासायचे. मला अक्षरओळख त्या मुद्रितांवर झाली. चांदोमामाच्या आधी मला 'बंधूंनो आणि भगिनींनो' वाचता येत होतं.

आमचं घर खराडीच्या शिवेवर, सरकारी नोकरांच्या सोसायटीत. पुढे रस्ता, मागे हातभर परस आणि त्यापलीकडे तेव्हा जोंधळ्याचं रान होतं. मी दहावीत असताना माझा दादा गेला. एकोणीस वर्षांचा होता. कावीळ झाली आणि बारा दिवसांत संपला. बाबांनी राख नदीवर नेली नाही. "या शहरानं नदीत टाकायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही," एवढंच म्हणाले. परसात खड्डा घेतला, राख आणि अस्थी मातीत मिसळल्या, वर पेरूचं रोप लावलं. बुद्धवंदना झाली, माणसं चहा घेऊन गेली. आमच्याकडे पुष्कळ घरांत असंच करतात.

आईनं फक्त एक नियम घातला. पेरूच्या आळ्यात लोखंड लावायचं नाही. कुदळ नाही, खुरपंही नाही. गवत ती बोटांनी उपटायची. ही अंधश्रद्धा आहे हे बाबांना कळत होतं, मलाही कळत होतं. ज्या घरात आमटीतल्या मिठावरूनही वाद व्हायचा, त्या घरात या एका गोष्टीवर कोणी कधी तोंड उघडलं नाही.

पुढे मागचं रान विकलं गेलं. जोंधळ्याच्या जागी काचेची कंपनी उभी राहिली. हद्दीवर सिमेंटच्या फळ्या उभ्या करून भिंत झाली आणि भिंतीलगत पलीकडून बांबूची रांग लागली. नाजूक, पिवळसर, परदेशी दिसणारा बांबू. त्यांचा माळी पाइप धरून उभा असायचा, वाघोलीकडचा माणूस. मी विचारलं, "एवढा दाट कशाला लावला?"

"वरनं तुमची धुणी दिसत्यात, ताई. सायबाला पाव्हणे आणले की लाज वाटती."

मला संताप आला. बाबा मात्र खूश होते. त्यांचं बालपण वेल्ह्याकडे गेलेलं, बांबूच्या बेटांत. "सावली होईल. बांबू बेटानं राहतो, कुणाच्या दारात जात नाही," ते म्हणाले. त्यांच्या गावचा बांबू तसाच होता. बाबा बांबूबद्दल बोलले की आम्ही ऐकायचो, कारण आमच्यापैकी त्यांनाच तो माहीत होता. इथे आम्ही चुकलो.

दोन वर्षं काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी पाऊस ओसरल्यावर एका सकाळी धुण्याच्या दगडाशेजारी मातीतून काहीतरी वर आलेलं दिसलं. बोटाएवढं, टोकदार, तपकिरी सालीत गुंडाळलेलं. आदल्या दिवशी ते नव्हतं. बाबांनी कोयत्यानं छाटलं. आठवड्यानं त्याच्या अलीकडे दोन आले. ते छाटले. मग मोरीतली फरशी एका कोपऱ्यात उचलली गेली आणि त्या फटीतून पांढरट टोक डोकावलं. आंघोळीला बसलेली आई तशीच उठून बाहेर आली. मोरीचं दार ती पुढे कित्येक दिवस उघडं ठेवूनच आंघोळ करायची.

कोंब वाटेल तिथे उगवत नव्हते. भिंतीपासून दगडाशी, दगडापासून परसात पडलेल्या जुन्या तुळईच्या ओंडक्याशी, ओंडक्यापासून पुढे, असे एका रेषेत येत होते. रेषा पेरूकडे चालली आहे हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

दुपारी वीज जायची. पंखा थांबला, समोरचा टीव्ही थांबला की घर एकदम बहिरं व्हायचं, आणि त्या शांततेत परसातून बारीक आवाज यायचा. कोरडं कापड नखानं सावकाश फाडावं तसा. कोंबाची साल सुटते तेव्हा तसा आवाज होतो हे मला आज माहीत आहे. तेव्हा मी खिडकीशी जाऊन उभी राहायचे. बाहेर काही हलत नसायचं. वारा नसायचा. आवाज चालूच. वाळत घातलेले कपडे आणायला मी आईला पाठवायचे, आणि आई मला.

दोन घरं सोडून राहणाऱ्या मावशी एकदा पेरूकडे बघत म्हणाल्या, "तरणाताठा गेला गं तो. काहीतरी मागत असेल."

बाबा आतून गरजले, "मावशी, त्याला काही मागायचं असतं तर तो तोंडानं मागायचा. भीड नव्हती त्याला!"

"तोंड कुठाय आता?" मावशी शांतपणे म्हणाल्या आणि गेल्या.

त्या दिवशी आई जेवली नाही.

मी काय केलं? पत्रक लिहिलं. आमच्या घरातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? कंपनीनं गरिबांच्या हद्दीत केलेल्या घुसखोरीवर एक पान आणि मावशींसारख्यांच्या भाबड्या समजुतींवर एक पान. बाबांनी दोन ठिकाणी विरामचिन्हं दुरुस्त केली. मी सोसायटीत सह्या गोळा केल्या, कंपनीच्या फाटकावर उभी राहून पत्रकं वाटली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माझ्याच वयाची मुलं ती घ्यायची, 'थँक यू' म्हणायची. एक अधिकारी बाहेर आला, त्यानं नीट वाचलं आणि म्हणाला, "मॅडम, पण ही तर ग्रीनरी आहे ना? तुम्ही ग्रीनरीच्या विरोधात आहात का?"

या सगळ्यात हिवाळा गेला. वर आम्ही छाटत होतो, खाली बांबू चालत होता. आमच्या पत्रकातली वाक्यं आम्हाला आवडत होती.

उन्हाळ्यात पेरूची पानं पिवळी पडली. एका दुपारी आई आळ्याशी उकिडवी बसलेली दिसली. बुंध्यापासून जमिनीवर वीत टाकून काहीतरी मोजत होती. मी जवळ गेले. एक कोंब आळ्याच्या आत आला होता. बुंध्यापासून एक वीत आणि दोन बोटं.

"काल दोन विती होता," आई म्हणाली. "दुसराय हा. कालचा तिथंच आहे बघ."

दुसऱ्या दिवशी मी दगडाशेजारचं एक मूळ ओढून काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मंडईजवळच्या बुरूड आळीत गेले. सुपं, टोपल्या, शिड्या रचलेल्या एका दुकानात एक म्हातारे बुरूड कामट्या सोलत बसले होते. पुडी उघडली. त्यांनी मूळ हातात घेतलं नाही. आधी नुसतं बघितलं. पिवळं, पेरापेरांचं, प्रत्येक पेरावर बारीक डोळा.

"कुठनं आणलंत?"

"घरामागून, काका. आम्ही दर आठवड्याला छाटतो, तरी येतोच."

"वरनं छाटता?"

"हो."

"मग केस कापून माणूस मरायची वाट बघा." शेजारी काम करणारे हसले. ते हसले नाहीत. "हा आपल्यातला नाही. आपला घर धरून राहतो. याचं मूळ चालतं. हद्दीला मांडीइतका खोल चर खणा. पाण्याची जुनी टाकी कापून तिचं जाड प्लास्टिक चरात उभं लावा, पत्रा नको, गंजतो. चार बोटं जमिनीच्या वर राहू द्या, नाहीतर वरनं उडी मारतो. आणि आत शिरलेलं मूळ सगळं काढायचं. एक पेर राहिलं तरी राहिला."

"आत एक झाड आहे. तिथे लोखंड लावायचं नाही असं आईनं ठरवलंय."

का, ते मी सांगितलं. त्यांच्या हातातली सुरी थांबली.

"तिरडीला बांबू आम्हीच देतो, ताई," ते म्हणाले. "मेलेल्याला लोखंड लागत नाही. आईला सांगा, तिथं लोखंड न लावून त्या पोराला राखत नाहीत, या बांबूला देऊन टाकताहेत."

घरी मी हे जसंच्या तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, ती नुसती माती आहे. आपण मानतो का हे?"

"माती आहे ना?" आई म्हणाली. "मग पेरू तिथंच का लावलात? दगडापाशी लावायचा होता."

बाबा उठून परसात गेले, पेरूच्या कडेकडेनं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्यांनी त्या जागेवर कधी पाय दिला नव्हता. वळसा घालून जायचे.

रविवारी बाबांनी आणि मी भिंतीलगत चर खणायला घेतला. मुरूम होता, हाताला फोड आले. चराच्या भिंतीत कापलेली मुळं एकाखाली एक दिसत होती, दोऱ्यांसारखी नव्हे, दोरखंडांसारखी. कंपनीचा माळी फळीवरून बघत होता. "तुम्ही पण काढा की तिकडून," मी म्हणाले.

"मला लावायला सांगितलंय, पाणी घालायला सांगितलंय. काढायला अजून कुणी सांगितलं न्हाई."

चर झाला, प्लास्टिक उभं राहिलं. राहिलं होतं ते अलीकडचं, आळ्यातलं. आईनं आदल्या दिवशी तिथे घागरभर पाणी मुरवून ठेवलं होतं. ती आली, पदर खोचला आणि बोटांनी माती बाजूला करू लागली. मूळ सापडलं. तिनं दोन्ही हातांनी धरून ओढलं.

जमीन हलली. पेरूपासून दगडापर्यंत माती एका रेषेत वर उचलली गेली, भेगाळली, जणू खालून कोणी पाठ घासत निघालं आहे. ऊन माथ्यावर होतं. मी दोन पावलं मागे सरकले आणि पत्रकं लिहिणाऱ्या माझ्या हातावर काटा आला. आई ओढत राहिली. वावभर, दोन्ही हात पसरावे एवढं आलं, आणखी आलं, मग बुंध्याखाली अडकलं.

तिनं खाली वाकून पाहिलं. मुळाच्या दोन फाट्यांच्या मध्ये एक लहान पांढरा तुकडा होता. नखाएवढा. आम्ही तिघांनी तो ओळखला. मुळानं तो ढकलला नव्हता. दोन्ही बाजूंनी धरून ठेवला होता.

मला वाटलं आई आता उठेल, सगळं झाकून टाकेल. तिनं डाव्या हाताचा तळवा त्या तुकड्यावर धरला आणि उजवा हात मागे केला.

"पहार द्या."

बाबांनी दिली. तिनं स्वतः घातली, बुंध्यापासून वीतभर अंतरावर, नेम धरून. एकदा, दोनदा. मूळ कडकन तुटलं. तिनं फाटे हातानं उलगडले, तुकडा सोडवला, बांबूचं एकूण एक पेर चाळून काढलं आणि मग तुकडा परत त्याच मातीत, आणखी खोल ठेवला. "आता इथं लोखंड चालेल," ती म्हणाली. "दर महिन्याला."

पेरूनं पुढच्या वर्षी फळ धरलं नाही. पानं मात्र हिरवी आली. आम्ही दर महिन्याला आळं उकरतो, पेरं शोधतो. अजून कधीतरी एखादं सापडतं. बाबा आता वळसा घालत नाहीत.

भुतावर माझा आजही विश्वास नाही. पण कुणाच्या मातीत काय ठेवलं आहे हे न विचारता आपली शोभा तिच्यात सोडून देणारी माणसं मी पाहिली आहेत. ती चांगल्या घरातली, हसतमुख असतात आणि 'थँक यू' म्हणतात. तुमच्या भिंतीलगत असा चालणारा बांबू असेल, तर उद्या सकाळी पलीकडच्या दाराची कडी वाजवा. त्यांच्या परसात काय आहे ते विचारा, ते सांगतील तेवढं ऐकून घ्या, आणि मग घरी येऊन मांडीइतका चर खणा. तुमच्या बाजूनं.