मधली जागा

आमच्या नृत्यमंडळात सात मुली होत्या आणि मधली जागा एकच होती. ती दोन वर्षं माझी होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं हे वेगळं सांगायला नको.

लढाईचे दिवस होते. नंदुरबारात रॉकेलची मारामार, त्यामुळे आमचे सगळे खेळ दिवसाउजेडी व्हायचे, बहुतेक बाजाराच्या दिवशी दुपारी. मंडळ काढलं होतं मुलींच्या शाळेतल्या आमच्या बाईंनी. त्या विधवा होत्या. दोन वर्षं कुठे लांब जाऊन त्या नव्या तऱ्हेचा नाच शिकून आल्या होत्या आणि गावाला हे पचणं कठीण होतं. "मास्तरीनबाईनी तमाशा काढा," असं आमच्या गल्लीत पहिल्याच आठवड्यात झालं. बाई शांतपणे सांगायच्या की हा तमाशा नाही आणि देवळातलं नाचणंही नाही. बायका दिवसभर जे काम करतात त्यातूनच आपला नाच निघाला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. तिकीट लावायचं नाही, बिदागी घ्यायची नाही. ज्या गावी खेळ असेल त्या गावाने एक वेळ जेवू घालायचं, बस्स.

पावसाळ्यात सरकी काढायचं कापसाचं जिन बंद असे. त्याच्या रिकाम्या शेडमध्ये आम्ही सराव करायचो. भिंतीला सरकीचा वास आणि केसांत कापसाचे तंतू. बाईंची पद्धत अशी की प्रत्येकीने आपल्या घरचं एक काम आणायचं. कुणी दळण आणलं, कुणी कापूस वेचणं. मी सुपाने पाखडणं आणलं होतं. बाईंनी त्याचा असा काही नाच बसवला की बाजारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि शेवटी त्यांचे स्वतःचेच हात हलायला लागायचे. मी मध्ये, तीन मुली इकडे, तीन तिकडे. त्या हलणाऱ्या हातांकडे बघताना मला वाटायचं, हे सगळं माझ्यामुळे चाललंय.

नाचून गावाचं काय भलं होतं, असं लोक विचारायचे. देवी टोचणारे डॉक्टर गावात आले की बायका दारं लावून घ्यायच्या आणि पोरांना शेतात पिटाळायच्या. आमच्या खेळाला त्याच बायका कडेवर पोर घेऊन पुढे येऊन बसायच्या. खेळ संपला की बाई हात जोडून सांगायच्या, आता आमच्या डॉक्टरांचंही थोडं बघा. निम्म्या तरी बायका उठून न जाता पोरांना टोचून घ्यायच्या. दोन वर्षांत डॉक्टर आमच्याशिवाय कुठल्या गावी जायला तयार होईनात. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं, पण खरं सांगते, माझा जीव होता त्या मधल्या जागेत.

मग आमच्यातली एक लग्न होऊन गेली आणि तिच्या जागी ती आली. नवापूरच्या बाजारात बाईंनी तिला डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा घेऊन चालताना पाहिलं आणि तिथल्या तिथे तिच्या बापाशी बोलून तिला घेऊन आल्या. सीमेवरच्या डोंगरातलं कोकणी आदिवासी घर, धर्माने ख्रिस्ती. आईकडचे सगळे हिंदू. मिशनच्या शाळेत शिकल्यामुळे मराठी स्वच्छ बोलायची, पण हळू, प्रत्येक शब्द पारखून. वय माझ्याहून दोन वर्षांनी कमी. बाईंनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, आणि माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती तिथपासून. मी दोन वर्षांत बाईंच्या ओट्याच्या पुढे गेले नव्हते.

तिने आणलेलं काम होतं आवणी, म्हणजे चिखलात भाताची रोपं लावणं. कमरेत वाकून ती मागे मागे जायची. डावा हात मांडीवर, उजवा हात खाली, परत खाली, आणि पाय असे उचलायचे की शेडच्या कोरड्या फरशीवर चिखल असल्यासारखं वाटे. पहिल्या दिवशी सगळ्या मुली सराव सोडून बघत राहिल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाखडण्याला बाईंच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. आठवड्याभरात ती मध्ये उभी होती आणि मी तिच्या डाव्या हाताला.

माझा जळफळाट घरी लपत नसे. भाकरी थापताना मी परातीवर राग काढी. आई एकदा म्हणाली, "कसाले जळी ऱ्हायनी व? तू का तिनापेक्षा कमी शे का?" मला तेच ऐकायचं होतं. पण आईने पुढे म्हटलं, "आते एक तं नाचनं सोड, नही तं हाई जळनं सोड." दोन्हींपैकी काहीच माझ्याने सुटलं नाही.

तिच्यात मी खोट शोधत होते आणि ती मला सापडली. आवणीच्या शेवटी सगळ्यांनी ताठ उभं राहून लोकांकडे वळायचं होतं, असं बाईंनी बसवलं होतं. वाजवणारे आमचे ढोलकीवाले चाचा मागे बसत आणि आवणी त्यांच्याकडे तोंड करून चाले. आम्ही सहाजणी वळायचो आणि ही तशीच, चाचांकडे तोंड करून, लोकांना पाठमोरी. बाईंनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. ती मान हलवायची, वळायला निघायची आणि अर्ध्यावर थांबायची. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

त्या दिवशी सराव संपल्यावर आम्ही दोघी जिनच्या हौदावर पाय धूत होतो.

"ताई, बाई माझ्यावर रागावल्या का?"

"रागावतील नाही तर काय? सगळ्या वळतात आणि तू एकटी उलटी."

"मला वळता येतं," ती म्हणाली. "पण आमच्यात वाजवणाऱ्याला पाठ दाखवत नाहीत. तो पावरी फुंकतो म्हणून आपण नाचतो ना? त्याला पाठ केली तर तो पावरी खाली ठेवतो. मग नाच संपला."

"आपले चाचा कुठे पावरी वाजवतात?"

"वाजवणारा तो वाजवणारा." थोडा वेळ ती पायावर पाणी ओतत राहिली. "तुम्ही सांगाल बाईंना? त्यांच्यापुढे माझ्याने बोलवत नाही. त्यांच्या घरची भाकरी खाते मी, उलट बोलल्यासारखं होईल."

"सांगते," मी म्हटलं.

मी सांगितलं नाही. विसरले नाही, राहूनही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बाईंच्या शेजारी चांगली पंधरा मिनिटं उभी होते आणि तोंड मिटून होते. ती लांबून आमच्याकडे बघत होती. तिला वाटलं असणार, ताई सांगताहेत. त्या दिवशीही ती वळली नाही तेव्हा बाई कडाडल्या, "एवढा हट्ट बरा नाही, पोरी." आणि मला म्हणाल्या, "तू ये मध्ये."

बाईंनी ऐकून घेतलं आणि तरी त्यांना पटलं नाही, असा तिने अर्थ काढला आणि मुकाट कडेला जाऊन उभी राहिली. कडेला, बाईंची नजर जात नाही अशा जागी, ती शेवटी जराशी तिरकी राही आणि तेवढं खपून जाई. आवणीची पावलं मला नीट येत नव्हती, तर तीच मला शिकवायला बसली. माझा घोटा हातात धरून सांगायची, "ताई, पाय ओढायचा नाही, चिखलातून सोडवून घ्यायचा." मी तिच्याकडून तिचाच नाच शिकले आणि तिच्याच जागी उभी राहिले. एवढ्याने तरी माझी आग शांत व्हावी की नाही? ती माझ्याहून चांगलं शिकवते, याच्याही मला मिरच्या झोंबल्या.

भाताची मळणी आटोपल्यावर बाईंनी तिच्याच गावी खेळ ठरवला. त्या बाजूच्या पाड्यांत देवीची साथ येऊन गेली होती आणि तरी तिथे कुणी पोरांना टोचून घेत नव्हतं. सकाळच्या गाडीने आम्ही नवापूरला उतरलो आणि तिथून बैलगाडीने गेलो. चाचांना ताप होता, ते आले नव्हते. गावाने खळं शेणाने सारवून ठेवलं होतं, मधोमध बैल बांधायचा तिवडा तसाच उभा. माणसं बक्कळ जमली होती, बायका पोरांसकट. डॉक्टर झाडाखाली पेटी उघडून बसले.

"ढोलकी नाही तर नाही," बाई तिला म्हणाल्या. "इथे तुझे मामा पावरी वाजवतात ना? आज मामांनी वाजवावं."

मामा म्हातारे होते. वाळलेल्या भोपळ्याला नळ्या जोडलेली आणि पुढे शिंगासारखं तोंड असलेली ती पावरी त्यांनी आतून आणली. त्या क्षणी मी बोलू शकले असते. अगदी शेवटच्या घटकेला आठवल्यासारखं करूनही बोलता आलं असतं. पण मग बाईंनी विचारलं असतं, तुला हे कधीपासून माहीत? मी पदर खोचला आणि मध्ये जाऊन उभी राहिले. म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला आमच्या पाठीचं काय?

आवणी सुरू झाली. पावरीवर ती कधी नव्हे इतकी चांगली होत होती. बायका हसल्या, मग एकीने जागेवरच बसून रोप लावल्यासारखा हात हलवला. मी मागे मागे गेले, ताठ झाले आणि डौलात लोकांकडे वळले.

मागे पावरी थांबली.

मी हसरं तोंड करून तशीच उभी. मामा आपल्या बोलीत दोन वाक्यं बोलले आणि उठले. लोक चिडले नाहीत, ओरडले नाहीत. फक्त एकेक करून उठायला लागले. बायकांनी पोरं कडेवर घेतली. डॉक्टरांच्या पेटीसमोर एकही जण नव्हता.

"काय म्हणाले मामा?" बाईंनी तिला विचारलं.

"पावरीला पाठ दाखवली म्हणाले. आमच्यात दाखवत नाहीत."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "म्हणजे शेडमध्ये तू म्हणून वळत नव्हतीस? मग मला कुणी सांगितलं का नाही?"

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण बाईंना काहीच ठाऊक नव्हतं, मी तोंडच उघडलं नव्हतं, आणि का उघडलं नव्हतं, हे सगळं तिला त्या एका नजरेत कळलं. आता ती बोलणार आणि माझी अब्रू जाणार, इतकंच मला समजत होतं.

"माझं चुकलं, बाई," ती म्हणाली. "मी सांगायला हवं होतं."

बाईंनी तिला सगळ्यांसमोर फाडफाड बोलून घेतलं. तुझ्या एका गप्प राहण्याने आज एवढ्या पोरांचं नुकसान होतंय, असं म्हणाल्या. तिने मान खाली घालून ऐकलं. ते सगळं बोलणं माझं होतं आणि मी शेजारी उभी राहून ते तिला घेऊ दिलं.

मग ती मामांकडे गेली, वाकून त्यांच्याशी काही बोलली आणि परत येऊन बाईंना म्हणाली, "मामांना मध्ये बसवू या, तिवड्यापाशी. आपण भोवतीने नाचू. म्हणजे पाठ होणार नाही." मामा तिवड्याला टेकून बसले. मळणीच्या बैलांसारख्या आम्ही सातजणी त्यांच्याभोवती फिरायला लागलो, तोंडं आत. निघालेल्या बायका थांबल्या, मग परतल्या, मग दोघी-तिघी आमच्यात येऊन मिसळल्या. किती वेळ नाचलो कोण जाणे. नंतर तिने स्वतः मामांच्या नातवाचा दंड धरून त्याला डॉक्टरांसमोर नेलं आणि त्याच्या मागे रांग लागली.

त्या दिवसापासून मंडळात वाजवणारा मध्ये बसायला लागला. बाईंना ती रचना इतकी आवडली की पाखडणं, दळण, सगळेच नाच त्यांनी गोलात बसवले. गोलात नाचणारी कुणी मध्ये नसते आणि कुणी कडेला नसते. ज्या जागेसाठी मी एवढं केलं ती जागाच उरली नाही. तरी बाईंचा विश्वास मात्र माझ्यावरच जास्त राहिला, कारण त्यांच्या लेखी ती हट्टी होती आणि मी शहाणी.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली. ऊन अजून खिडकीत होतं. नंदुरबार येईपर्यंत ती मला विचारेल, "ताई, का नाही सांगितलंत?" अशी मी वाट बघत होते. उत्तर जुळवून ठेवलं होतं, राहून गेलं गं, असं. तिने विचारलं नाही. तिच्या आईने फडक्यात बांधून दिलेली भाकरी तिने मोडली, अर्धी माझ्या हातात दिली आणि थोड्या वेळाने माझ्याच खांद्यावर डोकं टेकून झोपी गेली.

मी खांदा हलवला नाही. तिच्यासाठी मी केलेलं तेवढंच. डब्यात सगळ्या पेंगत होत्या. मला मात्र त्या दिवशी झोप आली नाही, पुढेही कित्येक दिवस आली नाही, आणि एवढं सगळं होऊनही तिला अशी गाढ झोप लागते, याचाही मला हेवा वाटला.