ताडी पिते का?

माझ्या धाकट्या बहिणीला डॉक्टरने फसवलं आणि सासरच्यांनी त्याचा फायदा घेतला. गंजाडला बाळंत झाल्यावर तिला कुणी नसताना आवाज ऐकू यायला लागले, म्हणून मी तिला डहाणूला दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“ताडी पिते का ही? तुम्ही आदिवासी बायका सगळ्याच पिता.”

“ओली बाळंतीण आहे, साहेब. थेंबही घेत नाही.”

“मग भगताकडे न्या.”

तिच्या सासूला तेवढंच हवं होतं. डॉक्टरलाच रोग सापडला नाही, म्हणजे ही भुताळी, चेटकीण, असं पाड्यावर सांगून तिने बाळ ठेवून घेतलं आणि बहिणीला माझ्या दारात आणून सोडलं.

मी चिकूचा व्यापार करते. परवा एका वाडीच्या मालकिणीशी दरावरून भांडत होते, तर ती म्हणाली, “लवकर आटप गं, मुलाला डॉक्टरकडे न्यायचंय. त्याला आवाज ऐकू यायचे. गोळ्यांनी उतार पडलाय, आता मुली बघतोय.”

कुठला डॉक्टर, विचारलं, तर डहाणूचा तोच होता. चिकू तिथेच टाकून मी त्याच्या दवाखान्याकडे निघाले.

बहिणीचं दूध कधीच आटलं. बाळ आता सासूला आई म्हणतं. ते तिला परत कोण आणून देणार, हे त्या डॉक्टरने माझ्या तोंडावर सांगावं.