ताईंचा माउस

उरणजवळच्या आमच्या कंटेनर यार्डात कागदपत्रांच्या नोंदी आपोआप करणारी प्रणाली बसवायचं ठरलं. त्यासाठी कंपनी निवडायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं. शेवटी दोन कंपन्या उरल्या. त्यांतल्या दुसरीच्या इंजिनिअर बाईंनी प्रणालीला काम शिकवायला पंधरा दिवस आमच्या ताईंच्या कॉम्प्युटरवरची एकूण एक क्लिक, माउसची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड केली. ताई ऑफिसात सगळ्यांत जुन्या, नोंद कधी न चुकणाऱ्या. रेकॉर्डिंग संपलं त्याच आठवड्यात त्या झोपेतच गेल्या.

डेमो त्यांच्याच टेबलावर झाला. सगळं त्याच मशिनवर होतं. सकाळचे अकरा वाजले होते. खुर्ची रिकामी. पडद्यावरचा बाण आपसूक हलला, भराभर रकाने भरू लागला. शेवटचं बटण दाबायच्या आधी मात्र थांबला. मागे फिरला. कंटेनर नंबरच्या एकेका आकड्याखालून सावकाश सरकला आणि शेवटच्या आकड्याशी दोनदा थरथरला.

ताई अगदी असंच करायच्या. मी घाई केली की म्हणायच्या, "थांब रे, बगून घेते. नंबर चुकला तं डबा कुठं शोधशील?"

"हे तुम्ही घातलंत?" मी विचारलं.

"नाही सर, रेकॉर्डिंगमधून आलंय. लगेच काढते."

"आत्ता नको," ताईंच्या शेजारी बसणाऱ्या मॅडम एकदम म्हणाल्या. कधी उठून उभ्या राहिल्या होत्या, कळलंही नव्हतं.

बाण पुढच्या नोंदीवर गेला. तिथंही थांबला.

एकही चूक निघाली नाही. पहिल्या कंपनीच्या डेमोत तीन निघाल्या होत्या. मी साहेबांना दुसरीचंच नाव दिलं. पण त्या बाणासमोर रोज बसणं मला जमणार नव्हतं. ताईंच्या घरी जाऊन त्यांच्या यजमानांना सगळं सांगितलं.

"पुसून टाका," ते म्हणाले. "आमची हरकत न्हाय. लय राबली ती. आता रजा द्या तिला."

ते रेकॉर्डिंग पुसलं आणि, नोंदी मीही करायचो म्हणून, नव्यानं माझं घेतलं. आता प्रणाली त्यावरच चालते, चोख चालते. गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदाच नीट बघत बसलो. प्रत्येक नोंदीनंतर बाण खाली कोपऱ्यातल्या घड्याळापाशी जातो, क्षणभर घुटमळतो, परत येतो.

इंजिनिअर बाईंना फोन केला. "हे काय आहे?"

"सर, तुम्ही असंच करता की," त्या म्हणाल्या.

मला हे ठाऊकच नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी बसून राहिलो. बाण पुन्हा घड्याळाकडे निघाला.