देवीची वीत

भावकूचं काम कापड फाडायचं होतं आणि त्यासाठी सरकार त्याला पगार द्यायचं. शहापुरातल्या आमच्या विणकर गल्लीत या गोष्टीवर हसून हसून लोकांची पोटं दुखायची. "अरं, आमच्या दारची शेळी फुकट फाडती, तिलाबी लाव की कामाला," असं मीच त्याला म्हणायचो. तो शांतपणे म्हणायचा, "किती जोर लावल्यावर फाटलं ते शेळीला सांगता येत न्हाय, ज्योतिबा. मला येतं."

मी ज्योतिबा. माझा माग आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा, बायाक्काचा माग, यांच्यात एक भिंत. भावकूबद्दल गल्लीत आजही कुणी धड बोलत नाही. त्या लोकांचा मला संताप येतो, आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे मीच होतो म्हणून जास्त येतो. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

लहानपणी बैलगाडीखाली सापडून भावकूचा उजवा गुडघा वाकेनासा झाला. विणकराच्या पोराचा गुडघा गेला म्हणजे मागाच्या खड्ड्यात बसणं संपलं. तो सोलापूरला गेला आणि एका गिरणीच्या तपासणी खोलीत सहा वर्षं राहिला. पुढे दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि बेळगावात कॅम्पातल्या एका बंगल्यात पलटणीच्या मालाची तपासणी सुरू झाली. कापड, दोर, पट्टे, जे काही पलटणीला जायचं ते आधी तिथे यायचं. भावकूला तिथे काम मिळालं. परत आला तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात धागे मोजायचं भिंग होतं, आणि बायाक्काने त्याची दृष्ट काढली होती.

एकदा त्याने मला ती खोली दाखवली. कापडाच्या पट्ट्या कापून तो आधी दिवसभर एका बंद खोलीत टांगायचा. तिथे चहूबाजूंनी ओली पोती लावलेली. "सगळ्या पट्ट्यांनी सारखंच पानी प्यायला पायजे. न्हायतर ओलं कापड एक बोलतं, सुकं दुसरं," तो म्हणाला. मग यंत्राच्या दोन जबड्यांत पट्टी धरायची. खालचा जबडा हळूहळू ओढायला लागला की वर तबकडीवर काटा चढायचा. आधी एखादा धागा तट्‌कन तुटायचा, मग दोन, आणि एकदम सगळी पट्टी जायची. काटा एकशेवीस पौंडांच्या पुढे गेला तर कापड पास. पाच पट्ट्या, पाच वेळा. आम्ही जन्मभर विणलं आणि हा शहाणा ते तोडून खूश होत होता. "फाटल्यावरच कापड खरं बोलतं," तो म्हणाला. "अंगावर असतं तवर सगळीच चांगली."

लढाईच्या चौथ्या वर्षी सूत मिळेनासं झालं. लुगड्यांचे माग गप्प झाले. सूत मिळायचं ते फक्त पलटणीचं काम घेणाऱ्याला. आमच्या गल्लीने दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं कापड विणायचं काम घेतलं. जाड, दुहेरी सुताचं, ज्यावर माणूस घालून उचलायचा. बेचाळीस माग पुन्हा वाजायला लागले. बायाक्का विधवा, पदरात मनुबाई ही एकच लेक, पंधरा वर्षांची. तिच्या घरात चूल पेटायची ती त्या एका मागावर.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडलं. नवा ताणा, म्हणजे उभं सूत, मागावर चढला की पहिली वीत देवीची. घरातलं सगळ्यात थोरलं माणूस उपाशीपोटी बसतं, मागाला हळदकुंकू लावतं आणि वीतभर कापड स्वतः विणतं. चांगल्यात चांगलं सूत, घट्ट ठोक. त्या वितीला खोट चालत नाही. विणताना ही वीत मागाच्या लाकडावर सगळ्यात आत गुंडाळली जाते, पण तागा उतरवून घडी घातली की तीच सगळ्यात वर येते.

आणि त्या वितीच्या खाली आम्ही चोरी केली. दुहेरी धाग्याच्या जागी एक आड एक धागा एकेरी टाकायचा, तोही रद्दी सुताचा, आणि ठोक हलका ठेवायचा. वाचलेल्या सुताची लुगडी विणायची आणि चूल पेटवायची. ही अक्कल कुणाची म्हणाल तर माझी. बायाक्काला तिच्या मागावर बसून मीच शिकवलं. ती म्हणाली, "देवीच्या वितीला न्हाय हं हात लावायचा." मी म्हणालो, "खुळी का काय? तिथं कोन चोरी करंल!"

माल गेला आणि पास झाला. दुसरा गेला, तोही पास. गल्लीत सगळे डोळे मिचकावायचे. भावकू आपला माणूस, डोळेझाक करतोय. कुणी त्याला विचारलं नाही, कारण अशा गोष्टी विचारायच्या नसतात. तिकडे भावकू तागा उघडायचा, नियमाप्रमाणे वरच्या टोकाची वीतभर पट्टी कापायचा, आणि काटा एकशेतीसवर जायचा. त्याला वाटायचं, आपली गल्ली उपाशी आहे पण खरी आहे. साहेबाला तो छाती फुगवून सांगायचा. देवीची वीत त्याने जन्मापासून पाहिलेली. पण ओळीने चार महिने आपण तीच वीत कापतोय हे त्याच्या ध्यानात आलं नाही. कॅम्पात गेला की तो शहापूर विसरायचा.

मग एका दवाखान्यात जिन्यावर स्ट्रेचर फाटलं. नंदगडचा बसवंत नावाचा शिपाई, पायाला गोळी लागून आलेला, चार पायऱ्या खाली पाठीवर पडला. पायाचं सोडाच, कमरेखालचं सगळंच गेलं. फाटलेलं कापड तपासायला भावकूच्या टेबलावर आलं. त्याने भिंग लावलं. मग पट्टी जबड्यात धरली. काटा सत्तरवर थांबला.

तो आधी गेला बसवंतला भेटायला. तेविसाव्या वर्षी त्या पोराला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती. भावकूने सांगितलं, "कापड मी पास केलतं." बसवंत म्हणाला, "तुमचं काय चुकलं आण्णा? कापड हाय, फाटतंच." शिव्या दिल्या असत्या तर भावकू घरी जाऊन जेवला असता, असं मला वाटतं.

तिथून तो सरळ बायाक्काच्या घरी आला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं.

"आक्का, आत एकेरी धागा टाकलास?"

"तुला ठावं न्हवतं?" बायाक्काचा आवाज खरंच चकित झालेला. "आमास्नी वाटलं तू सांभाळून घेतोयस."

तो म्हणाला, "सोमवारी तुमचा माल येनार. ह्या बारीला मी मधनं कापनार. सगळ्यास्नी सांग. जमंल तेवढं उसवा, नव्यानं विना."

"कशानं विनू? सूत गेलं रं पोटात! नापास झालं की सूत बंद. मनूला काय घालू? यंत्र बिघडलं म्हन साहेबाला. एकडाव म्हन."

"यंत्र बिघडत न्हाय, आक्का."

चार दिवस गल्ली त्याच्या दारात होती. म्हातारी माणसं त्याच्या पाया पडली. मीही पडलो. कपाळ त्याच्या पायावर ठेवलं आणि म्हणालो, "बेचाळीस चुली हाईत, भावकू." त्याने पाय मागे घेतला. तेव्हा मी उठून त्याला म्हणालो ते लिहिणार नाही. त्याच्या आईवरून होतं, आणि त्याच्या आईने मला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तो एवढंच म्हणाला, "त्या पोराला दोगं मिळून कुशीवर वळवत्यात, ज्योतिबा." मला त्या पोराशी काही देणंघेणं नव्हतं. माझी पोरं मला समोर दिसत होती.

सोमवारी त्याने प्रत्येक तागा उलगडून बरोबर मध्यावर चौकोन कापला. पहिला तागा बायाक्काचा निघाला. घडी उलगडताच त्याने हात ओळखला असणार, भाऊच तो. काटा अडुसष्टवर थांबला. बेचाळीसपैकी एकोणचाळीस तागे नापास. मग तो साहेबापुढे उभा राहिला आणि म्हणाला, आधीचा मालही माझ्याच चुकीने पास झालाय, तो सगळीकडून परत बोलवा. गल्लीतल्या कुणाचं नाव त्याने घेतलं नाही. साहेबाने माल परत बोलावला आणि त्याच दिवशी भावकूला घरी पाठवलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला?

सूत बंद झालं. नापास तागे मधोमध भोक पडलेले असे बैलगाडीतून परत आले. अकरा घरं इचलकरंजीला गेली. मी माग मोडून लाकूड जाळलं. बायाक्काने मनुबाईला निपाणीला तंबाखूच्या वखारीत पाठवलं. दिवसभर तंबाखू चाळायचा, आणि नाकातोंडात धूळ. भावकू दर आठवड्याला गूळशेंगा घेऊन बहिणीच्या दारात यायचा. ती दार उघडायची नाही. तो उंबऱ्यावर पुडी ठेवून जायचा, आणि ती पुडी मुंग्या खायच्या. पुडी तशीच पडलेली बघून मी मनातून खूश व्हायचो. असा मी.

दीड वर्षाने मनुबाई परत आली ती खोकत. लढाई संपली होती. पेढे वाटले गेले होते. माणसं स्वराज्याच्या गोष्टी करत होती. बायाक्काच्या घरात मात्र पोरगी रक्त ओकत होती. श्रावणातल्या एका सकाळी ती गेली.

तिच्या अंगावर घालायला कापड नव्हतं. कापडावर नियंत्रण, कार्डावर मिळणारं कधीच संपलेलं. चार घरं फिरलो, सगळ्यांच्या धोतरांना ठिगळं. शेवटी बायाक्का आत गेली आणि तिने तो तागा आणला, भोक पडलेला. तेवढ्यात भावकू दारात आला. दीड वर्षात पहिल्यांदा बायाक्काने त्याच्याकडे बघितलं.

"ये," ती म्हणाली. "तूच घाल. देवीची वीत उशाला घे. तेवढी मजबूत हाय."

त्याने तिरडीवर कापड अंथरलं, देवीच्या वितीकडचं टोक घड्या घालून डोक्याखाली घेतलं, उरलेलं अंगावर पांघरायला पायाशी सोडलं. पोरीला ठेवलं. चौकोनी भोक बरोबर तिच्या पाठीखाली आलं. बायाक्काने ते बघितलं आणि अगदी हळू विचारलं, "पडनार न्हाय न्हवं रं माझी मनू? तुला कळतंय. सांग की."

त्या कापडाचा भरवसा भावकूला देता येत नव्हता. खांदा देणारे उठले तेव्हा त्याने ताठ गुडघा ओढत एक हात तिरडीखाली, त्या भोकाखाली घातला आणि तसाच चालायला लागला.

तिरडीला बांबू होते, आडव्या काठ्या होत्या, सुंभाने घट्ट बांधलेल्या. पोरगी पडायचा प्रश्नच नव्हता. त्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी मसणवटीपर्यंत त्याने हात काढला नाही. पाऊस पडत होता आणि त्याचा पाय घसरत होता. वाटेत माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "एकेरी धागा तुझा, ज्योतिबा. भिंग लावलं तवाच वळखलं मी. आक्काला एवढी अक्कल न्हाय."

दीड वर्षं त्याला ठाऊक होतं. त्याने साहेबाला सांगितलं नाही, गल्लीला सांगितलं नाही आणि बहिणीलाही नाही. मी पाया पडलो तेव्हा, शिवी दिली तेव्हासुद्धा, त्याला ठाऊक होतं.

मी दुसऱ्या बाजूने गेलो आणि माझाही हात त्या भोकाखाली घातला. तिथे त्याचा हात होता, थंडगार. मनुबाईचं वजन काहीच नव्हतं.